पापणीवरची गाठ

उजव्या डोळ्याच्या वरच्या पापणीवर गाठ आली तेव्हा मला अडुसष्टावं चालू होतं. आमच्या सास्तूर गावात ज्यानं त्यानं सांगितलं, रांजणवाडी आहे. शेजारीण लवंग उगाळून घेऊन आली, "लई गुणकारी हाय बाई." तालुक्याच्या डॉक्टरांनी गाठ कापली, मलम दिलं. दोन महिन्यांत ती परत तिथंच. त्यांनी परत कापली. दोन्ही वेळा मी विचारलं, "हे तपासायला नाही का पाठवायचं?" दोन्ही वेळा उत्तर मिळालं ते माझ्या मुलाला, "साधी गाठ आहे, वयामुळं होतं."

तिसऱ्यांदा आली तेव्हा पापणीचे केस गळायला लागले. मीच हट्ट धरून सोलापूरला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी तुकडा तपासणीला पाठवला. रिपोर्ट आला मुलाच्या मोबाइलवर. मग घरात कुजबुज सुरू. शेवटी मी मुलालाच विचारलं, काय आलंय रिपोर्टमध्ये?

"काही नाही गं आई, थोडं इन्फेक्शन आहे."

"दाखव इकडं."

"तुला नाही कळायचं त्यातलं."

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं मी. ह्यालाही अक्षरं मीच गिरवायला लावली. मोबाइल ओढून घेतला. पापणीतल्या तेलग्रंथींचा कॅन्सर. "मला कधी सांगणार होतास? ऑपरेशन झाल्यावर?" तो रडायलाच लागला. आता ह्याची समजूतही मीच काढायची!

सोलापुरात डॉक्टरबाई त्याच्याशीच बोलायला लागल्या. म्हटलं, "माझ्याकडं बघून बोला. डोळ्याला झालंय, कानाला नाही." त्या ओशाळल्या. मग कागदावर चित्र काढून सांगितलं: गाठ भोवतालच्या चांगल्या भागासकट काढायची, कडा तिथल्या तिथं तपासायच्या, मग खालच्या पापणीचा भाग वर ओढून शिवायचा. सहा आठवडे डोळा बंद.

भूल डोळ्यापुरतीच होती. कडांचा निकाल येईपर्यंत मी टेबलावर पडून. एका बाजूला अजून शिल्लक होतं, आणखी कापावं लागलं. तालुक्याला न तपासता कचऱ्यात गेलेले ते दोन तुकडे आठवून इतका संताप आला, की भीतीच वाटेना. दुसऱ्यांदा कडा स्वच्छ निघाल्या.

सहा आठवड्यांनी डोळा उघडला. पापणी जड आहे, वारं लागलं की पाणी येतं, पण दिसतं नीट.

नंतर रिपोर्टची झेरॉक्स घेऊन तालुक्याच्या डॉक्टरांकडं एकटीच गेले. त्यांनी उभ्यानंच वाचली.

"बाई, असं फार क्वचित होतं हो."

"म्हणून तर तुकडा पाठवायचा," मी म्हटलं.

त्यांनी झेरॉक्स ठेवून घेतली. आता पाठवतात की नाही, ठाऊक नाही.