बिस्किटाच्या डब्याचं झाकण

देर्क होइटिंकला गावात कुणी चुका काढायला बोलावत नसे. तो आपणहून यायचा. कुणी नवं कुंपण घातलं की देर्क सायकलवरून उतरणार, एक डोळा मिटणार आणि म्हणणार, "तिसरा खांब दारू प्यायलाय." खांब खरंच कललेला असे, हे त्यातलं जास्त संतापजनक.

नेदरलँड्सच्या पूर्वेकडच्या या आख्तरहूक भागातली माणसं कौतुकाच्या बाबतीत हात आखडून असतात. मुलीचं लग्न झालं, नातू झाला, पोटभर जेवण झालं तरी "याहून वाईट असतं" एवढंच म्हणतात, आणि कौतुकाची याहून वरची पायरी नाही. देर्क तेवढंही म्हणत नसे. पण डेअरीत तीस वर्षं यंत्रं दुरुस्त केलेला माणूस. त्याचं वेल्डिंग गाव डोळे झाकून मान्य करायचं. पुढे नडलं ते हेच.

त्याचा सख्खा शेजारी हेर्मेन. इथे शेजारधर्म म्हणजे गंमत नव्हे. घरात मूल जन्मलं की गावाला सांगत फिरायचं, माणूस गेला की शवपेटी उचलायची, आणि मधल्या काळात जे काही मोडेल ते दुरुस्त करायचं. हेर्मेनचं सारखं मोडायचं ते त्याचं बदक. म्हणजे त्याची जुनी फ्रेंच मोटार. ती कुरूप दिसते आणि डुलत चालते म्हणून सगळा देशच तिला बदक म्हणतो.

अकरा वर्षांपूर्वी त्या बदकाचा पायाखालचा पत्रा गंजून गेला. हेर्मेनचा बूट रस्त्याला लागायचा तेवढा बाकी होता. देर्क वेल्डिंगचं मशीन घेऊन आला, सडका पत्रा कापला आणि आत डोकावला. खाली चासीलाच, म्हणजे सगळ्या गाडीचा भार पेलणाऱ्या सांगाड्यालाच, तळहाताएवढं भोक. उपाय एकच: वरची बॉडी उचलून बाजूला ठेवायची आणि चासी नीट जोडायची. दोन दिवसांचं काम. आणि दुपारी तर गावची जत्रा होती. खांबावरचा लाकडी पक्षी बंदुकीने जो पाडेल तो वर्षभर गावचा राजा. देर्कला राजा व्हायचं होतं.

घरी जाऊन त्याने बायकोच्या बिस्किटाच्या डब्याचं झाकण उचललं. भोकावर बसवलं, चार रिव्हेट मारले, वर डांबर फासलं आणि त्यावर नवा पत्रा असा सुबक जोडला की सांधा शोधावा लागावा.

"चासी कशी आहे?" हेर्मेनने विचारलं.

"ठणठणीत. मी पाहिलीय ना."

हेर्मेन वाकलासुद्धा नाही. "याहून वाईट असतं," म्हणाला आणि घरचा सुकवलेला सॉसेज देर्कच्या हातात ठेवला. पक्षी त्या दिवशी पलीकडच्या घरातल्या बेनीने पाडला.

तेव्हापासून बदक रस्त्याने गेलं की देर्कला कुंपणाच्या झुडपात काहीतरी तातडीचं काम निघायचं. घरात वेगळंच चाललं होतं. रीकीची, म्हणजे त्याच्या बायकोची, खात्री होती की झाकण हेर्मेनच्या बायकोने, दीनीने, नेलं. वाढदिवसाला उरलेला केक त्यावर ठेवून नेला आणि परत आणलं नाही. डब्यावर ती बशी ठेवायला लागली. दीनी आली की बशी जरा जोरात वाजायची. देर्कला ते ऐकू यायचं. तो वर्तमानपत्र उंच धरायचा.

आणि मग हेर्मेन सत्तर वर्षांचा झाला. मुलांनी भेट ठरवली: बदक मुळापासून नवं करायचं.

"शनिवारी दहाला बॉडी उचलायची," हेर्मेन म्हणाला. "कॉफी आहे."

"कशाला उचलतोस?" देर्क म्हणाला. "चालतंय ना? चालत्या बदकाची पिसं मोजू नयेत."

"मोजू दे की. सत्तर झालो."

"मग मी एकटाच काढतो. डेअरीतून साखळीची कप्पी आणतो."

"एकटा? मग शेजारी काय कोंबड्या राखायला ठेवलेत? सहा जणांनी हाताने उचलण्याएवढी तर हलकी आहे. तू फक्त बोल्ट काढ. तुझ्या हाताचा भरवसा आहे."

शेवटच्या वाक्याने देर्कचे कान तापले. त्याने बोल्ट काढले, पण मागच्या सीटखालचे दोन तसेच ठेवले. गंजून अडकलेत असं वाटलं की कंटाळून लोक घरी जातील, अशी त्याची बालबुद्धी. साठीच्या माणसालाही ती ऐनवेळी सुचते.

शनिवारी सहा जण हेर्मेनच्या गोठ्यात जमले. "एक, दोन, हं!" बॉडीचं पुढचं टोक उचललं, मागचं ढिम्म. बेनीने आत डोकावून अख्खा गोठा हसवला, "देर्क, तुझे दोन बोल्ट दारू प्यायलेत रे!"

बेनीने पाना लावला. बोल्ट लोण्यासारखे निघाले.

"एक, दोन, हं!" या वेळी बॉडी कमरेपर्यंत वर आली आणि सहा जण खेकड्यासारखे तिरके सरकू लागले. देर्क उजव्या मागच्या कोपऱ्याला होता. खाली चासी उघडी पडली, आणि डांबराच्या फुटक्या ढलप्यांतून एक निळा कोपरा त्याच्याकडे बघू लागला.

"थांबा," देर्क म्हणाला. "मला एक सांगायचंय."

"आत्ता?" बेनी किंचाळला. "माझी कंबर काय चर्चची घंटा आहे का लटकत ठेवायला?"

"आत्ताच. ठेवल्यावर माझी हिंमत व्हायची नाही. ते खाली आहे ते मी केलंय. भोक होतं. मला ठाऊक होतं. मी खोटं बोललो."

बॉडी गवताच्या गठ्ठ्यांवर ठेवली गेली. तेवढ्यात रीकी आणि दीनी कॉफी घेऊन आत आल्या, आणि रीकीच्या हातात तो डबा होता, बशीसकट.

हेर्मेनने स्क्रूड्रायव्हरने डांबर खरवडलं. खालच्या चित्रात निळ्या बर्फावर लाल स्कार्फवाली मुलगी स्केटिंग करत होती.

"हे माझं झाकण," रीकी म्हणाली.

दीनीने बशीकडे पाहिलं. "म्हणून होय ती बशी? अकरा वर्षं मला वाटायचं, माझं कॉफी पिणं तुला आवडत नाही."

रीकी लाल झाली. देर्कने बायकोला कधी असं लाल होताना पाहिलं नव्हतं, आणि ते त्याच्यामुळे होतं.

हेर्मेनने स्क्रूड्रायव्हर झाकणाच्या कडेला टेकवला. जोर लावावा लागला नाही. टोक चासीतून थेट खालून बाहेर आलं.

"दर बुधवारी नातीला पोहायला नेत होतो यात," तो म्हणाला. आवाज चढला नाही. चढला असता तर देर्कला बरं वाटलं असतं. "हमरस्त्याने."

मग कॉफी झाली. डबा फिरला, प्रत्येकाने रीतीप्रमाणे एकच बिस्किट घेतलं. देर्कने हात लावला नाही. कुणी आग्रहही केला नाही.

पुढचे दहा आठवडे देर्क रोज त्या गोठ्यात होता. सडलेला भाग कापला, जाड पत्रा घातला, सांधे घासले, पुन्हा घासले. गावातली कुंपणं त्या काळात बिनबोभाट कलली. रीकीने झाकण घासूनपुसून डब्यावर ठेवलं. चार रिव्हेटची भोकं असल्याने बिस्किटं लवकर मऊ पडायची, आणि देर्क ती मुकाट्याने खायचा.

बॉडी परत बसवायच्या आदल्या दिवशी तो हेर्मेनला म्हणाला, "झालं. बघतोस?"

हे विचारताना त्याला वाटलं होतं की हेर्मेन हात झटकेल, 'तू केलंयस ना' म्हणेल, पूर्वीसारखा.

हेर्मेनने बॅटरी मागितली. सत्तर वर्षांचे गुडघे कडकड वाजवत तो खाली बसला, मग आडवाच झाला, आणि एकेका सांध्यावर उजेड टाकत बोट फिरवू लागला. देर्क शेजारी टोपी हातात धरून उभा राहिला. बराच वेळ लागला. अकरा वर्षांपूर्वी हा माणूस वाकलासुद्धा नव्हता.

"याहून वाईट असतं," गाडीखालून आवाज आला.

देर्कने मान हलवली आणि त्याला उठायला हात दिला.