मिरजेला चष्म्यासाठी

मानेवरची गाठ हाताला लागली ती दाढी करताना. दुखत नव्हती, आणि न दुखणारी गाठ वाईट, एवढं आष्ट्यात कुणालाही ठाऊक असतं. आमच्या भागात आजारपणाच्या दोनच पायऱ्या. इथल्या डॉक्टरकडं गेलात तर साधं दुखणं. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात नेलं म्हटलं की ऐकणारा लगेच आवाज खाली आणतो. मला कुणी आवाज खाली आणायला नको होता. म्हणून डॉक्टरच्या कागदांची फाइल बाजाराच्या पिशवीत घातली आणि शेजारच्या वहिनींना सांगितलं, "चष्म्याचा नंबर काढायला चाललोय मिरजेला."

"चष्म्यासाठी मिरजंला? आष्ट्यातली दुकानं काय बंद पडली व्हय, भावजी?"

"तिथलं मशीन चांगलं हाय," मी ठोकून दिलं. एसटी स्टँडावर कंट्रोलर होतो मी. न सुटलेल्या गाडीबद्दल 'येतीच हाय' म्हणण्यात अख्खी नोकरी सरली, थापेचं भय नाही.

सुई घालून तपासणी झाली. रिपोर्ट आठवड्यानं मिळणार होता. तेवढे दिवस गाठ चाचपत टीव्हीसमोर बसून काढले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी बंगळूरला असते. दिवाळीला आली तेव्हा तिनं टीव्हीत काय काय भरून ठेवलं होतं. त्यात मोठ्या माणसांची कार्टूनं होती, हिंदी बोलणारी. एका भागात ढेरपोट्या बापाच्या छातीच्या फोटोत डाग निघतो. बायको रडता रडता त्याचे शर्ट कुणाला द्यायचे ते ठरवते, शेजारी त्याच्या लाडक्या खुर्चीत बसून बघतो, पोरगी मोबाइलचा पासवर्ड विचारते. शेवटी कळतं, तो डाग म्हणजे डॉक्टरनं खाताना सांडलेला सॉस. पुढच्या भागात बाप पुन्हा खुर्चीत आणि कुणाला काही आठवत नाही.

मरणाची काय थट्टा लावलीय, म्हणून मी रागानं टीव्ही बंद केला. मग जेवताना परत लावला आणि चक्क हसलो. कारण हे सगळं मी घरात बघितलेलं होतं.

बायको अंथरुणाला खिळली तेव्हा भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. बिस्किटाचे पुडे, शहाळी, आणि प्रत्येकाकडं तसल्याच आजारानं गेलेल्या कुणाची तरी गोष्ट. जतची तिची चुलत जाऊ तर उशाशी बसून फळीवरच्या लोणच्याच्या बरणीकडं बघत म्हणाली, "अक्का, लय मोठी हाय की बरणी. मागनं कोण वापरणार ही?"

"अगं, अजून हाय की मी!" बायको म्हणाली, आणि एवढी हसली की तिला ठसका लागला. मी मात्र दात-ओठ खात पाणी आणायला उठलो होतो.

त्या आठवड्यात मला ती जाऊ हवी होती. तिनं येऊन माझ्या टीव्हीवर डोळा ठेवायला हवा होता. कार्टूनमधल्या बापाच्या डागावर हसू येतं, कारण त्याच्या खाटेभोवती माणसं असतात. माझी खुर्ची कुणी मागत नव्हतं, कारण मी जातोय की काय हेच कुणाला माहीत नव्हतं. मला भीती वाटत होती आणि ती एकट्यानं सोसवत नव्हती.

आठवड्यानं चष्म्याचंच निमित्त सांगून पुन्हा मिरजेला गेलो. रिपोर्ट चांगला आला. "साधी गाठ आहे, घाबरू नका," डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन आधी मुलीला फोन लावला.

"बाबा, मीटिंगमध्ये आहे. सगळं ठीक ना?"

"ठीक आहे सगळं."

"मग करते नंतर."

काय सांगणार होतो? मी वाचलो हे सांगायला आधी मी मरत होतो हे सांगायला हवं होतं. परतीच्या गाडीत शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटलं, पण तो इस्लामपूरपर्यंत झोपायच्या तयारीनं बसला होता.

दारात वहिनी तांदूळ निवडत होत्या.

"झाला का नवा चष्मा?"

"न्हाई. नंबर वाढलेला न्हाई म्हणाले."

"बरं झालं की," त्या तांदळातून मान वर न करता म्हणाल्या.

एवढंच. तरी मी कुलूप न उघडता थोडा वेळ तिथंच उभा राहिलो, त्या आणखी एकदा म्हणतील म्हणून.