पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळे कुत्र्याला वळण लावायचं मी मनावर घेतलं तेव्हा बाबा हसले, यात नवल नव्हतं. "आधी स्वतःला लाव, मग त्याला," म्हणाले आणि पुन्हा ब्रश घेऊन मूर्तीकडे वळले.

बाबांचा गणपतींचा कारखाना पेणजवळ, हमरापूरच्या बाजूला. कारखाना म्हणजे घराला लागून असलेली पत्र्याची लांब शेड. हंगामात कामाला माणसं येतात आणि संध्याकाळी आपापल्या घरी जातात. आई गेल्यापासून मागे उरतात ते बाबा आणि फळ्यांवर ओळीनं बसलेले गणपती. मी रोह्याला कंपनीत पॅकिंगला आहे. आठवड्याची सुट्टी आली की रोह्याहून गाडी धरायची, पेणला उतरायचं आणि रिक्षानं घर गाठायचं. पोचले की पहिल्या चहालाच आमचं ठरलेलं भांडण व्हायचं.

"बाबा, पुरे झाला कारखाना. रोह्याला चला."

"तुझ्या दोन खोल्यांत मी काय करू गो? भिंती रंगवू?"

कुत्रा मला कंपनीच्या गेटबाहेर थंडीत सापडला. तांबूस रंगाचं, एक कान पडलेलं, मुठीएवढं पिल्लू. खोलीवर नेलं, तर तिसऱ्या दिवशी घरमालक म्हणाले, कुत्रा तरी राहील नाहीतर तुम्ही तरी. मग भाजीच्या पिशवीत घालून त्याला बाबांकडे आणलं. पिशवीतून पडका कान बाहेर आला तसे बाबा कडाडले.

"हितं कच्च्या मूर्ती हायत. एक जरी पाडली तर त्याच दिवशी उचलून न्यायचा. आणि नाव ठेवू नकोस. नाव ठेवलं की राहतात ते."

म्हणून तो बिननावाचाच राहिला. बाबा त्याला 'ए' म्हणायचे आणि तो त्या 'ए'लासुद्धा शेपूट हलवत धावत जायचा.

वळण लावायचं तर कसं, हे मला कुठं येत होतं? मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातल्या हिरवळीवर एक गुळगुळीत कुत्रा मालकाच्या बोटाच्या इशाऱ्यावर बसत होता. आमचा माझ्या बोटाकडे बघायचा, मग बिस्किटाच्या पुड्याकडे बघायचा आणि थेट पुड्यावर झडप घालायचा. मी ओरडले की त्याला खेळच वाटायचा. त्यात आठवडाभर बाबा त्याला वेगवेगळे शब्द ऐकवायचे. एकदा 'बस', एकदा 'खाली हो', एकदा नुसतं 'हॅट'. शेवटी मी कोळशानं भिंतीवर लिहिलं: बस, थांब, ये. चौथा शब्द नाही.

"कुत्रा शाळेत आणि मास्तरीण कंपनीत," बाबा म्हणाले. पण माझ्या पाठीमागे त्यांनी ते तीनच शब्द वापरले असणार, कारण चार-पाच सुट्ट्यांत कुत्रा बसायला शिकला.

खरा प्रश्न होता शेडचा. आमच्या कंपनीत जमिनीवर पिवळा पट्टा मारलेला असतो. मशीन चालू असताना त्याच्या पलीकडे पाय टाकायचा नाही. इतकी वर्षं झाली, आता बाजारात पिवळी रेघ दिसली तरी माझा पाय अडखळतो. म्हटलं, माणसाला जमतं ते कुत्र्याला का जमू नये? गणपतीच्या पीतांबराला लावतात तो पिवळा रंग डब्याच्या तळाशी उरला होता. त्यानं मी शेडच्या मधोमध, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पट्टा ओढला. अलीकडचा भाग कुत्र्याचा, पलीकडचा गणपतींचा.

मग दर सुट्टीला तेच काम. पट्ट्याजवळ आला की मी तळहात समोर धरून 'थांब' म्हणायची. थांबला की लगेच सुकटीची चिमूट. बिस्किटापेक्षा सुकटीवर त्याचा जास्त जीव, हे बाबांनीच सांगितलं होतं. आधी दोन श्वास थांबवलं, मग दहा, मग मी पट्ट्याच्या पलीकडे जाऊन पाठ फिरवली तरी तो जागचा हलेना. एकदा मी अशी हात उभारून उभी असताना बाबा म्हणाले, "अगदी गणपतीसारखी दिसतेस. त्याचा पन हात असाच असतो. त्यो आशीर्वाद देतो, तू दम देतेस, येवढाच फरक." मी वळून बघितलं. फळ्यांवरच्या साऱ्या मूर्तींचे हात तसेच वर होते.

आषाढ संपत आला तेव्हा रंगकाम जोरात होतं आणि बाबांनी ब्रशानं मूर्तींचे डोळे काढायला घेतले होते. डोळे काढतात सर्वांत शेवटी, आणि आमच्याकडे ते बाबांखेरीज कुणी काढत नाही. आमच्या घरची एक रीत आहे. डोळ्यांआधी मूर्ती फुटली तर ती माती, तिला परत भिजत घालायचं. डोळे काढल्यावर फुटली तर तो देव. मग त्याला पांढऱ्या फडक्यात बांधून नदीत सोडून यायचं आणि त्या दिवशी ब्रशला हात लावायचा नाही. माझ्या आठवणीत असं कधी झालं नव्हतं.

त्या सकाळी मी पोचले तर बाबा पायरीवर बसलेले. शेजारी पांढऱ्या फडक्यातलं गाठोडं. कुत्रा शेडच्या खांबाला आखूड दोरीनं बांधलेला. कामाची माणसं अजून यायची होती.

"तुझ्या कुत्र्यानं पाडला," बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले. "डोळे काढून झाले होते."

मी दुसरी शिफ्ट करून, अर्धवट झोपेत आले होते, हे कारण मी स्वतःला पुष्कळदा दिलंय. ते पुरत नाही. पायातली चप्पल काढली आणि त्याला तीन रपाटे घातले. तो ओरडला नाही. माझा हात वर गेला तेव्हा त्याला वाटलं मी 'थांब' म्हणतेय. तो थांबला. मार बसत असताना तसाच थांबून राहिला.

अट म्हणजे अट. मी तिथंच उभ्या उभ्या कोलाडला एका मैत्रिणीला फोन केला. तिचं हायवेवर जेवणाचं हॉटेल आहे. राखणीला कुत्रा हवा, म्हणाली, संध्याकाळी घेऊन ये. फोन ठेवला आणि निदान मागे राहिलेला चुरा तरी झाडून घ्यावा म्हणून केरसुणी घेऊन शेडमध्ये गेले.

बाहेर पावसानं अंगण चिखल झालेलं. शेडच्या अलीकडच्या भागात कुत्र्याच्या पायांचे ठसेच ठसे होते, एकावर एक, पार पट्ट्यापर्यंत. पट्ट्याच्या पलीकडे मूर्ती घासून पडलेली शाडूची पांढरी भुकटी पसरलेली. तिच्यावर बाबांच्या अनवाणी पावलांचे ठसे होते आणि फुटलेल्या मूर्तीची खूण होती. चिखलाचा एक ठिपकासुद्धा नव्हता. मी वाकून फळीच्या खालीसुद्धा बघितलं.

केरसुणी तिथंच टेकवून मी स्वयंपाकघरात गेले आणि चहा केला. मला भीती वाटत होती, ती नेमकी कशाची हे कळत नव्हतं. बाबांच्या हातात कपबशी दिली. कप बशीत खुळखुळ वाजायला लागला. बाबांनी तो पटकन खाली ठेवला. मग मला आठवलं, गेले कित्येक आठवडे बाबा माझ्यासमोर चहा पीत नव्हते. 'निवू दे' म्हणायचे आणि मी आत गेले की प्यायचे.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्यांनी गाठोड्याची गाठ आवळली. मग म्हणाले, "होळीपासून. सकाळचा बरा असतो हात. आज दुसरा डोळा काढला, उचलून फळीवर ठेवायला गेलो आनि सुटला. त्यानं नाय पाडला. त्यो तर पट्ट्यावर बसून बघत होता."

"मग त्याचं नाव का घेतलंत?"

"तुला कळलं असतं तर कारखाना बंद करून मला नेलं असतंस ना गो रोह्याला."

मला रडू आलं. तेही रागासारखंच आलं, एकदम. ज्या माणसाला मी दर सुट्टीला उचलून न्यायची भाषा करत होते, त्यानं उचलून नेलं जाण्याच्या भीतीनं कुत्र्याला पुढं केलं होतं. आणि मी कुत्र्याला कोलाडला धाडायला निघाले होते. मी फोन करून मैत्रिणीला नाही म्हणून सांगितलं. बाबांना म्हटलं, "रोह्याचं नाव परत काढणार नाही. पण डॉक्टरकडे यायचं." ते हो म्हणाले. मग दोघं जाऊन फडक्यातला देव नदीत सोडून आलो.

दोरी सोडली तसा कुत्रा बाबांच्या पायाशी जाऊन बसला. माझ्याकडे आला नाही. हात जरा उचलला, अगदी केस मागे सारायला, तरी तो पोट जमिनीला लावायचा आणि डोळे मिटायचा. सहा महिन्यांत शिकवलेलं मी तीन रपाट्यांत घालवलं होतं.

आता शिकवायला बाबा होते आणि शिकायला मी. "उभी राहू नकोस, खाली बस. हात जमिनीवर ठेव, तळवा वर करून. त्याच्याकडं बघू नकोस. त्याला येऊ दे." मी पट्ट्यावर बसून राहायची. पहिल्या सुट्टीला तो आलाच नाही. दुसऱ्या सुट्टीला लांबून वास घेऊन गेला. पलीकडे बाबा सकाळच्या उजेडात, कोपराखाली फळी घेऊन, डॉक्टरांच्या गोळ्यांनी जरा स्थिरावलेल्या हातानं डोळे काढत असायचे. दिवसाला चारच. बाकीच्या मूर्तींचे डोळे त्या वर्षी त्यांनी शेजारच्या कारखान्यातल्या जुन्या मित्राकडून काढून घेतले. त्याला हाक मारायला स्वतः गेले, ते त्यांना किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शेवटची मूर्ती गेली. शेड रिकामी झाली. मी पट्ट्याच्या पलीकडे झाडत होते. कुत्रा अलीकडे, नेहमीच्या जागी. आता काही फुटण्यासारखं नव्हतं, म्हणून मी त्याला म्हटलं, "ये." आणि सवयीनं माझा हात वर गेला. लक्षात आलं तेव्हा तो खाली घ्यायचीही मला भीती वाटली. तशीच उभी राहिले.

तो पोटावर झाला. मग उठला. पट्ट्याशी थबकून पायरीवरच्या बाबांकडे बघितलं, आणि पट्टा ओलांडून माझ्याजवळ आला. मी हळूच खाली बसले, हात तसाच ठेवून. त्यानं तळहात हुंगला, चाटला आणि आपलं डोकं त्याखाली आणून ठेवलं.

"आता नाव ठेव त्याचं," बाबा पायरीवरून म्हणाले.