मेहुण्यांची डावी लाइन

माझ्या मेहुण्यांइतका संशयी माणूस अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत दुसरा नाही, आणि त्यांच्याइतका चांगला दुहेरी बॅडमिंटन खेळणाराही नाही. दुहेरी हा खेळ निम्मा तरी जोडीदारावरच्या विश्वासावर चालतो. मग ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल खरी कशी, हे गणित एकोणीस वर्षं त्यांच्या शेजारी उभं राहूनही मला सुटलेलं नाही. नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशीच मिळाली होती: जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात पाण्याचे नमुने तपासायची. दिवसभर स्वतः तपासून पास केलेलं पाणी संध्याकाळी बदलापूरला घरच्या नळाला आलं, की ते वहिनींना सांगत, "उकळून घे. मधे पाइप आहे."

खेळायला आले की आधी शटलची पिसं मोजत. शटलला पिसं सोळा असतात, हे त्यांना माझ्या जन्माआधीपासून ठाऊक असावं. तरी प्रत्येक नवं शटल डब्यातून काढून, बोटावर फिरवून, ओठ हलवत सोळापर्यंत मोजल्याशिवाय सर्व्हिस व्हायची नाही. एकदा मी विचारलं, "दादा, कधी पंधरा निघाली आहेत का?" म्हणाले, "नाही ना! म्हणून तर जास्त लक्ष ठेवायचं." नेट मधोमध पाच फूट असायला हवं, म्हणून बरोबर पाच फुटांची वेताची काठी रॅकेटच्या पिशवीतून डोकावत असे. नेट बरोबर निघालं की त्यांचा चेहरा पडायचा. सभागृहातले पंखे बंद असले तर कुणी बंद केले, का केले, आणि आपली बाजू बदलल्यावर ते चालू होणार आहेत का, याची चौकशी व्हायची. प्रतिस्पर्ध्यांनी मॅचआधी हसून नमस्कार केला, तर पहिला गेम संपेपर्यंत ते त्या हसण्याचा अर्थ लावत असत.

माझ्याआधी त्यांचे चार जोडीदार झाले. पहिल्यानं अंतिम सामन्यात जांभई दिली, म्हणजे तो समोरच्यांना मिळालेला. दुसरा मध्यंतरात प्रतिस्पर्ध्याशी मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशाबद्दल बोलला. तिसऱ्यानं न सांगता रॅकेट बदलली. चौथा आपण होऊन गेला आणि जाताना हात जोडून गेला. मग मी त्यांच्या बहिणीला बघायला गेलो. पोह्यांची बशी हातात असताना त्यांनी मला पगार विचारला नाही, शिक्षण विचारलं नाही, विचारलं, "बॅकहँड कसा आहे?" मी कॉलेजात थोडं खेळलो होतो, तसं सांगितलं. पुढच्याच रविवारी त्यांनी मला कोर्टावर नेऊन दोन तास खेळवलं आणि घरी येऊन निकाल दिला, "माणूस बरा आहे, पण डावीकडे फार वाकतो. लक्ष ठेवावं लागेल." लग्न त्यांच्या बहिणीशी झालं खरं, पण जोडी त्यांच्याशी लागली असं माझी बायको आजही म्हणते.

सर्व्हिस करताना पाठीमागे बोटांच्या खुणा करून जोडीदाराला शटल कुठे जाणार ते सांगायचं, अशी दुहेरीत पद्धत आहे. एक बोट म्हणजे आखूड, दोन म्हणजे लांब. मेहुण्यांना कायम वाटायचं की आपल्या खुणा फुटल्या आहेत. संशय होता उल्हासनगरच्या दोन सिंधी भावांवर. पडद्यांच्या कापडाचं दुकान, दोघंही गोलमटोल, आणि खेळ असा की आमचे निम्मे अंतिम सामने त्यांच्याशीच झालेले. एका सामन्यात मेहुण्यांनी ऐन मध्यावर खुणा उलट्या केल्या आणि मलाही सांगितलं नाही. मी सलग तीन पॉइंट भलत्याच जागी उभा. नंतर जाब विचारला तर म्हणाले, "भावोजी, तुमच्यावर संशय नाही. पण तुम्हाला सांगितलं असतं, तर तुमच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं असतं." तो सामना आम्ही जिंकलो, हेही नोंदवायला हवं. असे नऊ करंडक त्यांच्या काचेच्या कपाटात आहेत.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र ते काटेकोर पाळत. आमच्या स्पर्धांमध्ये अंतिम सामना सोडला तर लाइनवर पंच नसतात. आपल्या बाजूला पडलेलं शटल आत की बाहेर हे आपणच सांगायचं आणि समोरच्यांनी ते मानायचं, असा रिवाज आहे. जगावर संशय घेणाऱ्या या माणसानं तिथे कधी खोटं सांगितलं नाही. याच दोन भावांविरुद्ध, शेवटच्या पॉइंटला, केसभर आत पडलेलं शटल स्वतःहून "आत" सांगून हातात आलेली मॅच त्यांनी घालवली होती.

म्हणून गेल्या वर्षी जे दिसायला लागलं त्यानं मी हबकलो. मी प्रत्येक मॅचची वही ठेवतो: कुठला पॉइंट कुठे गेला. चार महिन्यांत मेहुण्यांनी बाहेर सांगितलेली सात शटल माझ्या मते आत होती. मग पालेगावच्या नव्या इमारतींमधल्या सभागृहात उपांत्य सामना झाला, समोर तेच सिंधी भाऊ. तिसरा गेम आम्ही एकवीस-एकोणीस जिंकला, आणि त्यातली तीन शटल मी डोळ्यांनी आत पडलेली पाहिली. मेहुणे हात उडवून म्हणत, "बाहेर! सोडलं मी." भाऊ एकमेकांकडे बघून गप्प. मीही गप्प राहिलो, याची लाज अजून जात नाही. त्या दिवशी मनात आलं ते लिहितो: कपाटातले ते नऊ करंडक, ते तरी कसे आले असतील? एकोणीस वर्षं त्यांचा संशय सहन करता करता मी स्वतःच संशय घ्यायला शिकलो होतो.

घरी वही पुन्हा काढली. दहाही शटल डाव्या लाइनवरची होती. उजवीकडची एकही नाही. लबाड माणूस बाजू बघून लबाडी करत नाही, एवढं मला कळत होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वही घेऊन बदलापूरला गेलो.

"म्हणजे मी चोर?" मेहुणे उभेच राहिले.

"मी फक्त आकडे सांगतोय, दादा."

"आकडे लिहिले कुणी? तुम्हीच ना?"

"बसा. समोरच्या कॅलेंडरकडे बघा. मान हलवायची नाही." मी त्यांच्या डाव्या हाताला जाऊन उभा राहिलो. "किती बोटं?"

"आधी हात वर तर करा!"

हात कधीचा वरच होता. वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि ट्रे तसाच जमिनीवर ठेवून खाली बसल्या. ते बघून मेहुण्यांनी मान वळवली. माझी तीन बोटं त्यांना दिसली. ओठ हलवत त्यांनी ती मोजली. मग म्हणाले, "आत्ता वर केलीत तुम्ही." पण आवाजात जोर नव्हता.

डॉक्टर तीन झाले, कारण पहिल्या दोघांची आपसांत ओळख निघाली. एक बदलापूरचे, एक अंबरनाथचे, एक उल्हासनगरचे. तिघांनी एकच सांगितलं: काचबिंदू. बाजूची नजर हळूहळू जाते, माणसाला पत्ता लागत नाही. गेली ती परत येत नाही. आहे ती थेंब घालून सांभाळायची. कोर्टावर धावणं बंद. मेहुण्यांनी तिन्ही कागद शेजारी शेजारी मांडून ओळ न् ओळ जुळवून पाहिली. कुठेच काही चुकत नव्हतं.

अंतिम सामन्याला चार दिवस होते. तिसऱ्या डॉक्टरांकडून निघाल्यावर ते म्हणाले, "रिक्षा पडद्यांच्या दुकानाकडे घ्यायला सांगा." दुकानात दोघं भाऊ गिऱ्हाइकाला कापड मोजून देत होते. मेहुणे काउंटरसमोर ताठ उभे राहिले. "रविवारचे तीन पॉइंट तुमचे होते. मला दिसलं नाही. फायनल तुम्ही खेळायची. स्पर्धेच्या मंडळाला मी लिहून देतो."

थोरल्यानं मोजपट्टी खाली ठेवली. "दादा, पहले बैठो तो सही. आम्हाला समजलं होतं. मी भावाला बोललो, दादा चीटिंग करतोय. तर हा बोलला, पागल है क्या? तो माणूस हवेवर पण शक करेल, लेकिन झूठ नहीं बोलेगा. तबियत का कुछ लफडा असेल."

"मग तिथेच बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही मानलं असतं?" धाकटा म्हणाला. मेहुणे नाही म्हणाले. मग चौघंही हसलो, पण कुणाचंच हसणं फार टिकलं नाही.

परतताना रिक्षा अंबरनाथच्या पुढे निघाली. मेहुणे म्हणाले, "भावोजी, दोघं फार गोड बोलले. त्यांना फायनल हवीच होती." मला एवढं बरं वाटलं की काय सांगू.

भाऊ अंतिम सामना हरले. मेहुणे माझ्या शेजारी बसून, सबंध मान वळवत, शेवटपर्यंत सामना बघत होते.

मी दुसरा जोडीदार अजून घेतलेला नाही. रविवारी सकाळी कोर्ट रिकामं असलं की आम्ही अर्ध्या कोर्टात, धावपळ न करता, नुसती टोलवाटोलवी करतो. त्यांचं मनगट अजून तसंच आहे. नेटजवळ शटल असं अलगद सोडतात की मला पोचता येत नाही. मी मात्र प्रत्येक शटल त्यांच्या उजवीकडेच टाकतो. परवा मोजली, एकशे बारा टाकली आणि एकशे बाराही उजवीकडे. इतकी एका बाजूला आल्यावर या माणसाला संशय आला नसेल, हे शक्यच नाही. पण ते काही बोलले नाहीत. मनातला संशय त्यांनी मनातच ठेवल्याची माझ्या वहीतली ही पहिलीच नोंद.