बायोडाटावाले दाजी

माझे दाजी, सोमनाथराव, पंचवटीत लग्नाचे बायोडाटे करून देतात. पत्रिका आणि बॅनरही करतात, पण नाव आहे ते बायोडाट्यांसाठी. वर गणपती, खाली मामाकुळ, बाजूला मुलीचा फोटो. सावळी मुलगी दुकानात आली की जाताना कागदावर निमगोरी होऊन जाते आणि 'अपेक्षा'समोर दाजी कुणालाही न विचारता 'अनुरूप' लिहून मोकळे होतात. माझाही बायोडाटा त्यांनीच केला होता. त्यात मला स्वयंपाकाची आवड होती.

दाजींचा एक नियम होता. मुलीचा बायोडाटा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा नाही. बापाने नाहीतर भावाने दुकानात यायचं आणि पाकीट हातात घ्यायचं, मग तो देवळ्याहून एसटीने येवो नाहीतर आणखी कुठून. "मुलीचा फोटो आहे, मनाली, बाहेर फिरला तर?" हे मी दर भाऊबीजेला ऐकलंय. दुकानाला दोन कुलुपं, दारावर कॅमेरा, कॅमेऱ्याखाली लिंबू-मिरची. माणूस बेफिकीर असता तर मी हसून सोडून दिलं असतं. इतका सावध माणूस, म्हणूनच मला त्यांचा राग येतो.

कारण त्यांचं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर चोरीचं होतं. त्यांच्या ओळखीतल्या सगळ्या पत्रिकावाल्यांत ते पेन ड्राइव्हवरून विरजणासारखं घरोघर फिरलेलं. सोबत सूचना असायची: आधी अँटिव्हायरस बंद करा. दाजींनी केला. पुन्हा चालू केला की तो त्या सॉफ्टवेअरमधली नेमकी एक फाइल संशयास्पद म्हणून उडवायचा, म्हणून शेवटी कायमचाच बंद ठेवला. "फार कटकट करतो," म्हणाले. राखणदाराला कटकट्या म्हणून घरी पाठवायचं आणि दाराला लिंबू बांधायचं, असा सगळा कारभार.

यंदा तुळशीची लग्नं उरकली, दुकानात गर्दी सुरू झाली आणि कॉम्प्युटरवरचा बाण आपोआप हलायला लागला. दाजींनी नवा माऊस आणला. तरी हलतोय म्हणून माऊसखालचं पॅड बदललं. मग ताईने मला बोलावलं. मी एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम बघते, पण मेहुणीला विचारायचं म्हणजे दाजींना जरा कमीपणा.

मी खुर्चीत बसले होते तेव्हाच तो हलला. सरळ 'मुली' नावाच्या फोल्डरवर गेला, फोल्डर उघडला आणि कुणीतरी एकेक फोटो बघायला लागलं.

"बघ, हाही माऊस खराब निघाला," दाजी म्हणाले.

"दाजी, माऊस नाही तो. माणूस आहे."

मी इंटरनेटची वायर ओढून काढली. बाण जागच्या जागी थांबला. तेव्हा कुठे दाजी खाली बसले.

फुकटच्या सॉफ्टवेअरसोबत आणखी एक प्रोग्राम आत शिरला होता. नाव असं साळसूद, की विंडोजचाच वाटावा. कॉम्प्युटर सुरू झाला की तोही गुपचूप सुरू व्हायचा आणि बाहेरच्या कुणाला तरी कळवायचा, या, मालक टायपिंग करतायत. मग तो बाहेरचा स्क्रीन बघणार, फाइली नेणार, पासवर्ड टिपणार. मी माझ्या लॅपटॉपवर एक स्वच्छ पेन ड्राइव्ह तयार केला, त्यावरून कॉम्प्युटर सुरू करून तपासला. तो प्रोग्राम सापडला. शिवाय दाजींनी कधीच न बनवलेलं एक यूजर खातं सापडलं, सगळे अधिकार असलेलं. आणि 'मुली' फोल्डरचा गठ्ठा करून बाहेर पाठवल्याची खूणही, उन्हाळ्यातल्या तारखेची.

तेवढा एक प्रोग्राम काढून भागणार नव्हतं. घरात इतके दिवस राहिलेल्याने आणखी कुठे काय लपवलंय, कोण सांगणार? म्हणून फक्त फोटो आणि कागदपत्रं तपासून बाजूला काढली, डिस्क पूर्ण पुसली, विंडोज नव्याने टाकलं, अँटिव्हायरस चालू केला, सगळे पासवर्ड माझ्या फोनवरून बदलले. मी चहा घ्यायला दुकानामागच्या घरात गेले. परत येते तर दाजींच्या हातात तोच जुना पेन ड्राइव्ह.

"टायपिंगचं तेवढं टाकून घेतो पटकन."

मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली, एवढं पुरे. पेन ड्राइव्ह मी माझ्या पर्समध्ये टाकला.

"आता निघालं ना सगळं? मग झालं," दाजी हळूच म्हणाले. "लोकांना कशाला सांगायचं? दुकान बसेल."

"कॉम्प्युटर साफ झाला. फोटो परत आले का? त्या मुलींचे नंबर, पत्ते? माझाही फोटो होता त्यात, दाजी."

दाजींनी गिऱ्हाइकांची वही काढली. मग फोन स्पीकरवर टाकून त्यांनी पहिला नंबर लावला, देवळ्याच्या खंडेरावांचा. त्यांच्या हर्षालीचा बायोडाटा दाजींनी केला होता. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आला, काही माहिती बाहेर गेली असावी, असं दाजींनी जमेल तेवढं गुळमुळीत सांगितलं.

"आपल्याला त्यातलं काय कळत नाय बुवा," खंडेराव म्हणाले. "मशीनच हाय ते. लय मनावर घेऊ नका."

दाजींचा चेहरा उजळला. तेवढ्यात पलीकडे कुणीतरी फोन ओढून घेतला.

"काका, हर्षाली बोलते. फोटो बाहेर गेला? कधी?"

"उन्हाळ्यात," मी म्हणाले.



"तेव्हापासूनच मला घाण मेसेज येत होते. माझाच फोटो लावून. बाबांनी मोबाइल काढून घेतला, कॉलेज बंद केलं. म्हणे तूच कुणाला तरी दिला असशील." तिचा आवाज फाटला. "काका, बाबांना परत सांगा. नीट सांगा."

फोन पुन्हा खंडेरावांकडे गेला. दाजींनी घसा साफ केला, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"खंडेराव, तुमच्या पोरीने फोटो कुणाला दिला नाही," ते म्हणाले. "मी दिला."