ग्रेस सिस्टरचा लाल खटका

ग्रेस गोराईहून होडीने बोरिवलीला यायची, एका नर्सिंग होममध्ये सिस्टर होती. वाकलं की खिशातली तिन्ही पेनं खाली पडायची, म्हणून पंच्याऐंशी साली तिने परवडेल असं चार रंगांचं एकच पेन घ्यायचं ठरवलं.

दुकानदाराने पाच-सहा पेनं पुढ्यात टाकली. लोक पेन बघताना सही करतात. ग्रेसने मात्र प्रत्येक पेनाचा लाल खटका दाबून एकच ओळ लिहिली : पेनिसिलिन देऊ नये.

"सिस्टर, निळा बघा ना. लाल कोण वापरतो रोज?"

"म्हणूनच तो सुकतो," ती म्हणाली.

पेशंटला न चालणारं औषध केसपेपरवर लाल शाईनेच लिहायचं, हा वॉर्डचा नियम. गेल्या महिन्यात लाल पेन ऐन वेळी उठलं नाही. घाईत तिने तीच ओळ निळ्याने लिहिली, आणि निळ्या अक्षरांच्या गर्दीत ती दुसऱ्या सिस्टरला दिसलीच नाही; तिने पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. पेशंट बाई कशीबशी वाचली. तिचा सुजलेला चेहरा ग्रेसच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

तिने साडेचार रुपयांचं पेन घेतलं. तेव्हापासून वॉर्डात शिरण्याआधी ती तळहातावर लाल रेघ ओढून बघायची. ती उमटेपर्यंत श्वास घ्यायची नाही.