टिटवी संघाचा नायक

"संघ माझाच आहे, मी फक्त पोलंडला जाऊन येतोय."

अम्मार हे वाक्य शाळेच्या स्काउट खोलीत बोलला होता. गयास सरांनी नुकतंच सांगितलं होतं की जागतिक जांबोरीसाठी त्याची निवड झाली आहे. जगभरातले स्काउट एका माळावर तंबू ठोकून राहणार, आणि त्यांच्यात किराडपुऱ्यातला हा नववीतला मुलगा असणार. पोरांनी टाळ्या वाजवल्या, कुणी पाठीत धपाटा घातला. टाळ्या थांबल्यावर सर म्हणाले, "आता तुझे सगळे सुट्टीचे दिवस तयारीत जातील. तोवर टिटवी संघ अभय सांभाळेल, आणि आठवा म्हणून एक नवा मुलगा येईल."

त्यावर अम्मारचं ते वाक्य. सगळे हसले. यात हसण्यासारखं काय होतं, ते त्याला कळलं नाही.

पथकात आठ-आठ मुलांचे संघ असतात आणि प्रत्येक संघाला एका प्राण्याचं किंवा पक्ष्याचं नाव असतं. बाकीच्यांनी गरुड, घार अशी नावं घेतली होती. अम्मारनं टिटवी घेतली. "टिटवी कुणाला जवळ येऊ देत नाही," असं त्यानं तेव्हा सांगितलं होतं. नायकानं त्या पक्ष्याची हाक द्यायची आणि संघानं असेल तिथून उत्तर द्यायचं, अशी रीत. अम्मारची हाक इतकी हुबेहूब होती की हर्सूलच्या तलावावर खऱ्या टिटव्या उठायच्या.

त्याच्या अब्बांचा मंडपाचा धंदा. घराखालच्या गोदामात बांबू, कनाती, सुतळीची बंडलं. चालायला लागला तेव्हापासून त्याच्या हातात दोर होता. स्काउटमध्ये आल्यावर त्याला एवढंच नवीन कळलं की आपण मारतो त्या गाठींना नावंही असतात. मेळाव्यात काठ्या आणि दोर देऊन टॉवर उभा करायला सांगत. खिळा नाही, तार नाही. अम्मार एकटाच बांधायचा, बाकीचे सात जण काठ्या धरायचे आणि त्याच्या हातात दोर द्यायचे. इतर संघांच्या टॉवरचे पाय उभे राहीपर्यंत टिटवीचा झेंडा वर गेलेला असायचा. पहिल्या नंबरची ढाल दोनदा आली. ढाल हातात असताना कुणी विचारत नाही की काम कुणी केलं.

अभय हर्सूलचा, जेलच्या वसाहतीत राहणारा, वडील तिथंच शिपाई. गाठ मारताना त्याची जीभ बाहेर यायची. तो उपनायक झाला तो एवढ्याचसाठी की एकही शनिवार चुकवत नसे. अम्मारला त्याच्याबद्दल कधी काहीच वाटलं नव्हतं. माणूस खांबाबद्दल काय वाटून घेणार?

तयारी सुरू झाली. इंग्रजीतून स्वतःची ओळख करून द्यायची, लेझीम शिकायची, परदेशी मुलांशी अदलाबदल करायला बिल्ले न्यायचे. त्याची मोठी बहीण सदफ हिमरू कापडाच्या चिंध्यांवर छोटे बिल्ले शिवत बसायची आणि तोंड चालू ठेवायची.

"अम्मी, देखो जरा! आइने को हॅलो बोल रहा तुम्हारा लाडला."

"बाजी, तू जा ना यहाँ से."

"हौ, जाती. पन वहाँ कोई सच्ची में हॅलो बोली तो तेरी जबान गोल हो जाएगी, देख लेना."

एका शनिवारी तो तयारीच्या वर्गाहून परतत होता. शाळेच्या भिंतीशी आला आणि आतून हाक ऐकू आली. अभयची हाक टिटवीपेक्षा कावळ्याच्या जवळची होती. पण ती संपायच्या आत मैदानाच्या सगळ्या कोपऱ्यांतून उत्तरं आली. वेडीवाकडी, एकमेकांवर पडणारी. आणि मागोमाग हसू. अम्मारच्या हाकेला पोरं बरोबर उत्तर द्यायची, पण हसायची नाहीत.

मत्सर त्याला आधी कानात झाला. मग तो घशातून खाली उतरला आणि छातीच्या मागे कुठंतरी बिऱ्हाड थाटून बसला.

अभयनं त्याला फाटकाशी पाहिलं. "आरं अम्मार! ये की आत. पोरं लई आठवण काढत्यात तुझी."

"कोण काढतं?"

"समदेच."

"एकाचं नाव सांग."

अभय हसला. "बरं, मी काढतो. झालं आता?"

"टॉवरच्या पायांची बांधणी कोण करतं?"

"ज्याला जमंल तो. वाटून घेतलंय."

"वाटून?" अम्मार म्हणाला. "मेळावा हाय तो, वाढदिवस नाय. वाटून घेऊन कुणी जिंकतं का?"

"बघू की," अभय म्हणाला आणि पोरांकडे पळाला.

ते 'बघू की' अम्मार घरी घेऊन आला. जेवताना ते होतं, लेझीम हलवताना होतं. गल्लीतली पोरं त्याच्यावर जळत होती, चुलतभाऊ बोलेनासा झाला होता, शाळेतले मास्तरसुद्धा "बाबा, तुझं नशीब" म्हणताना वेगळे दिसायचे. आणि ज्याच्यावर सगळे जळत होते तो स्वतः हर्सूलच्या एका पोरावर जळत होता, ज्याच्याकडे पासपोर्टही नव्हता. हे कुणाला सांगणार? विमानात बसणाऱ्यानं मैदानात राहणाऱ्याचा हेवा करावा, यावर सदफनं आठवडाभर जोक केले असते. तो डोळे मिटायचा तेव्हा त्याला पोलंड दिसत नसे. आपण नसताना भरलेलं मैदान दिसायचं, आणि त्यात आपल्या जागी भोकसुद्धा नसायचं.

खिशावरच्या दोन पांढऱ्या पट्ट्या ही संघनायकाची खूण. सरांनी त्या अभयला द्यायला सांगितल्या होत्या. "पुढच्या आठवड्यात देतो," असं अम्मार दर आठवड्याला म्हणत राहिला.

जिल्ह्याचा मेळावा जानेवारीत हर्सूलला भरला. अम्मारला पाहुणा म्हणून बोलावलं होतं, जांबोरीच्या नव्या स्कार्फात. तो आला तेव्हा त्याच्या खिशावर त्या दोन पट्ट्या होत्याच. सरांनी त्या पाहिल्या आणि मान दुसरीकडे वळवली.

प्रत्येक संघासाठी फक्कीनं चौकोन आखले होते. शिट्टी झाली की ज्यांची नावं दिली आहेत त्या आठ जणांनीच आत काम करायचं. बाहेरच्या कुणाचा दोराला हात लागला की संघ बाद. हा नियम शिशुवर्गातल्या पोरालाही पाठ असतो.

अम्मार रेषेबाहेर उभा राहून बघत होता. टिटवी संघ सगळ्यांत मागे होता, आणि ते पाहून त्याला बरं वाटलं. आपल्याला बरं वाटतंय हे त्याच्या ध्यानात आलं, तरी ते बरं वाटणं गेलं नाही. पोरं चुकत होती, सोडत होती, पुन्हा बांधत होती. ज्यांनी आजवर नुसता दोर पुढे केला होता त्यांना हात आहेत, हे तो पहिल्यांदाच बघत होता. अभय स्वतः काहीच बांधत नव्हता. ज्याची काठी डगमगेल तिथं जाऊन ती खांद्यानं धरायचा, तेवढंच. "घाई नगं रं. वढ, वढ, अजून वढ. हां, आता कसं!" हळूहळू टॉवर उभा राहिला. शेजारच्या संघाचा मध्येच एका अंगाला बसला. घारीचा वाकडा निघाला. टिटवीचा टॉवर वेडाविद्रा होता, पण सरळ होता. एकजण झेंडा घेऊन वर चढायला लागला.

डाव्या पायाची शेवटची गाठ अम्मारला ढिली दिसली.

ती सुटली असती का? नसती सुटली. बांबूंत वाढलेल्या मुलाला एवढं कळत होतं. दोरावर वजन आलं की ती आपोआप आवळली असती, झेंडा वर गेला असता, आणि ढाल त्याच्याशिवाय आली असती. तो रेषा ओलांडून आत गेला, गुडघ्यावर बसला, गाठ सोडली आणि पुन्हा मारली. पापणी लवायच्या आत. सुंदर गाठ होती.

शिट्टी वाजली. परीक्षक करुणा मॅडम चौकोनात आल्या.

"तू कोण?"

"टिटवीचा संघनायक." त्यानं खिशावर बोट ठेवलं.

"मला तर नायक म्हणून अभयचं नाव दिलंय."

"तो काळजीवाहू आहे, मॅडम."

रेषेबाहेर कुणीतरी फिसकन हसलं. मॅडमनी अभयकडे पाहिलं. "हा तुमच्यातला आहे?"

अभयनं घाम पुसला. नाही म्हणाला असता तर सगळा दोष एकट्या अम्मारवर गेला असता.

"व्हय मॅडम," तो म्हणाला. "आमचाच हाय."

"मग तुम्ही नऊ झालात. बाहेरचा असता तरी बाद आणि आतला असला तरी बाद. थांबवा काम."

वर चढलेला मुलगा झेंडा काखेत धरून खाली उतरला.

दुपारी तंबूत संघसभा बसली. संघाचं काही ठरवायचं असलं की सगळे गोल बसतात, सगळ्यांना बोलायचा सारखाच हक्क असतो. अम्मारनं उत्तरं तयार ठेवली होती. गाठ ढिली होती. टॉवर पडला असता, वरच्याला लागलं असतं. पण कुणी विचारलंच नाही. "टॉवर उभा तर ऱ्हायला," एकजण म्हणाला. दुसरा म्हणाला, "गरुडावाल्यांचा कसा बसला, म्हशीवानी!" आणि पोरं पुन्हा हसायला लागली, अम्मारच्या देखत, जणू आज काही गेलंच नव्हतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याला तिथं बसता आलं असतं.

गयास सर तंबूच्या दाराशी बसले होते. "झालं ते झालं," ते म्हणाले. "एकच ठरवायचं आहे. अम्मार पोलंडहून परत आल्यावर संघ कुणाकडे राहणार? मी बोलणार नाही. तुम्ही सांगा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकेक करून सगळ्यांनी मान वळवली, आणि ती अम्मारकडे नाही, अभयकडे. अभय काय म्हणतो याची ते वाट बघत होते.

अभय जमिनीवरचं गवत उपटत होता. "अम्मारकडंच," तो म्हणाला. "संघ त्याचाच हाय की."

त्याचं वाक्य संपलं आणि सगळे हात एकदम वर गेले. अम्मारच्या शब्दावर ते इतक्या चटकन कधीच वर गेले नव्हते.

"चला," सर म्हणाले. "मिटलं."

"काय भाऊ, आता तरी खूश?" अभयनं हसत डावा हात पुढं केला, स्काउट करतात तसा.

अम्मारनं त्या हाताकडे पाहिलं. दोरानं तळवा सोलवटला होता. हवं ते सगळं त्याला मिळालं होतं, आणि देणारा समोर हात पुढं करून बसला होता. पोरांनी वर केलेले हात अजून पुरते खाली आले नव्हते. तो उठला, सरांना वाट द्यायला लावली, आणि तो हात न धरताच तंबूबाहेर निघून गेला.